सर्पगंधा ते अमिओडॅरोन : ठोक्यांच्या औषधांची कहाणी

अनियमित ठोक्यांसाठी गोळी सुरू असलेले रुग्ण नेहमी विचारतात, "डॉक्टर, इंजेक्शनने तासाभरात बरं वाटलं, मग गोळी महिनोन्‌महिने कशाला? आणि सारखा थायरॉईड का तपासायचा?" याचे उत्तर या औषधांच्या इतिहासात सापडते.

हृदयाच्या पेशीच्या आवरणात अतिसूक्ष्म दारे असतात. सोडियम आत शिरला की पेशी चेतवली जाते, कॅल्शियममुळे ती आकुंचन पावते आणि पोटॅशियम बाहेर गेला की पुन्हा शांत होते. या विद्युतप्रवाहांचा मेळ बिघडला की ठोके चुकतात.

आपल्या सह्याद्रीतही आढळणारी सर्पगंधा पूर्वापार औषधी. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मधून तिचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला. त्याआधीच, १९३१ मध्ये, सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी दिल्लीत तिच्या मुळातून एक द्रव्य वेगळे केले होते. हकीम अजमल खान यांच्या नावावरून ते 'अजमलीन' झाले. शिरेतून दिल्यावर ते सोडियमची दारे थोडा वेळ अडवते. म्हणूनच ब्रुगाडा नावाचा छुपा दोष ईसीजीवर उघड करण्यासाठी ते रुग्णालयात, पूर्ण तयारीनिशी वापरतात. हा झाला अल्पकाळाचा परिणाम.

अमिओडॅरोनची गोष्ट निराळी. १९६१ च्या सुमारास बेल्जियममध्ये ते छातीच्या दुखण्यासाठी तयार झाले. १९७० मध्ये भारतीय वंशाचे, फिजीत जन्मलेले ब्रमाह सिंग आणि वॉन विल्यम्स यांनी ऑक्सफर्डमध्ये सशांना ते कित्येक आठवडे दिले. तेव्हा पेशीची प्रत्येक विद्युतलहर लांबलेली दिसली. इंजेक्शनचा तातडीचा परिणाम मुख्यतः सोडियम व कॅल्शियमच्या दारांवर आणि अ‍ॅड्रिनॅलिनच्या प्रभावावर होतो. पोटॅशियमच्या प्रवाहावरचा पूर्ण परिणाम दिसायला मात्र दिवस-आठवडे लागतात. म्हणून गोळी चालू ठेवावी लागते.

पण तत्काळ गुण म्हणजे कायमचा फायदा नव्हे. १९८९ मध्ये अमेरिकेतील 'कास्ट' अभ्यासात हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना एन्केनाइड व फ्लेकेनाइड दिली होती. जादा ठोके कमी झाले, पण मृत्यू मात्र खोट्या गोळीपेक्षा जास्त झाले! तेव्हापासून ईसीजी सुधारला एवढ्यावर डॉक्टर समाधान मानत नाहीत.

अमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते. औषध चरबीत साठते आणि बंद केल्यावरही कित्येक आठवडे, कधी महिनेही शरीरात राहते. म्हणून थायरॉईड आणि यकृताच्या तपासण्या ठराविक काळाने कराव्यात. नवा खोकला, धाप किंवा दृष्टीत बदल जाणवल्यास लगेच सांगावे.

गोळी मनाने बंद करू नका, वाढवूही नका. आणि पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून सर्पगंधेचे चूर्ण आणून धडधडीवर घेऊ नका. ती रक्तदाब व नाडी दोन्ही खाली आणू शकते.