फिजीतल्या गावाच्या वेशीवर

मंडळी, आज आपण फिजीतल्या एका गावाच्या वेशीवर उभे आहोत असं समजू. आत जायचं तर आधी टोपी काढायची, कमरेला सुलू, म्हणजे आपल्या लुंगीसारखं वस्त्र, गुंडाळायचं आणि हातात यंगोनाच्या वाळलेल्या मुळांची जुडी घ्यायची. यंगोना हे मिरीच्या कुळातलं झुडूप. गावाचा कारभारी आपल्याला प्रमुखाकडे नेतो. तिथे ती जुडी पुढे ठेवायची. याला म्हणतात सेवुसेवु. जुडी स्वीकारली गेली, की आपण त्या गावाच्या आसऱ्याला आलो. मग तानोआ नावाच्या लाकडी पात्रात यंगोना पाण्यात कालवतात आणि ती करवंटीतून आपल्यापुढे येते. एक टाळी वाजवायची, ‘बुला’ म्हणायचं, एका दमात प्यायचं, मग तीन टाळ्या. जीभ जराशी बधिर होते.

आता टोपीचं एवढं काय? तर डोकं तिथे पवित्र मानतात. १८६७ साली थॉमस बेकर हा मेथडिस्ट मिशनरी विती लेवू बेटाच्या डोंगराळ भागात, नाम्बुताउताऊ गावी, आपल्या फिजियन सोबत्यांसह मारला गेला. लोक सांगतात, त्याने प्रमुखाच्या केसांतला कंगवा ओढला. पण इतिहास एवढ्यावर थांबत नाही. किनाऱ्याकडचा थाकोम्बाऊ ख्रिस्ती झाला होता, त्याची सत्ता पसरत होती. डोंगरातल्या लोकांना नवा धर्म म्हणजे त्याचीच हुकमत वाटे. २००३ मध्ये याच गावाने बेकरच्या वंशजांची माफी मागितली, ताम्बुआ, म्हणजे देवमाशाचे दात, अर्पण करून.

दुसरा प्रश्न, ही गावं टिकली कशी? १८७४ मध्ये फिजी ब्रिटिशांकडे गेलं. गव्हर्नर आर्थर गॉर्डनने सामाईक जमिनींच्या विक्रीला आळा घातला आणि फिजियनांनी गावातच राहावं असं धोरण ठेवलं. मग उसाच्या मळ्यात राबायचं कोणी? १८७९ ते १९१६ या काळात ६०,००० हून अधिक भारतीय मजूर तिथे करारावर नेले गेले. ‘अॅग्रीमेंट’चं त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झालं. त्यांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या खंडाने जमीन कसत आले. खंडाचे करार संपले, तेव्हा अनेकांना घरदार सोडावं लागलं.

म्हणजे ज्या गावात आपलं इतकं अगत्य होतं, ते गाव राखलं गेलं, त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी मळ्यात राबून मोजली. यात गावकऱ्यांचा दोष नाही, धोरण त्यांचं नव्हतं. पण करवंटी हातात घेताना आपण हे विसरू नये, एवढंच. आता प्रश्न असतील तर घेऊ.