काचेपलीकडचे मासे

स्मरणिका समितीने माझ्याकडे माशांचे फोटो मागितले आणि ‘सोबत चार ओळी लिहा’ म्हणाले. चार ओळींत हे मावणारे नाही. फोटोतल्या माशाच्या आधी त्याच्यापुढच्या काचेची गोष्ट सांगायला हवी.

पूर्वी जिवंत मासा दिसायचा तो काठावरून, म्हणजे नुसती पाठ. अख्खा दिसायचा तो टोपलीत, मेलेला. आणि मेल्यावर माशाचा रंग उतरतो. अभ्यासक स्पिरिटच्या बाटलीत मासे ठेवत, तिथे उरलासुरला रंगही जाई. १८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने सोनेरी मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकाच भांड्यात ठेवून पाहिल्या. वनस्पती प्राणवायू देते, गोगलगायी कुजकी पाने खातात, पाणी टिकते. आजही टाकी चालते ती याच हिशोबावर. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले आणि माणसांना मासा बाजूने, पोहताना दिसू लागला.

मुंबईकरांना ही मौज १९५१ साली मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयाने दिली. उद्घाटनाला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद आले होते. आपल्यातल्या साठीपुढच्या अनेकांनी पहिला रंगीत मासा तिथेच पाहिला असेल, आईबाबांचे बोट धरून.

घरच्या जुन्या टाक्या लोखंडी अँगलच्या चौकटीत लांबी भरून केलेल्या असत. गंज चढायचा, लांबी सुटायची, जमिनीवर पाणी! सिलिकॉन आले आणि चौकटच गेली. माझी टाकी दोन फुटी, साधारण ५५ लिटरची. रिकामी असली तर उचलता येते, भरल्यावर नाव नको. नळाचे पाणी बादलीत रात्रभर ठेवून मगच घालायचे, क्लोरीनसाठी. आणि गोल काचेचे भांडे? ते आणूच नका. त्यात मासा जगत नाही, फक्त मरायला वेळ घेतो.

फोटोचे दुखणे वेगळेच. काचेवर समोरून फ्लॅश मारला की पांढरा ठिपका. छत्तीस फोटोंचा रोल धुऊन येईपर्यंत कळायचेही नाही. उपाय सोपे: खोलीतले दिवे बंद, अंगात काळा शर्ट, लेन्स काचेला टेकवलेली आणि उजेड टाकीच्या वरून. डिजिटल कॅमेऱ्याने फक्त वाट पाहणे स्वस्त केले. मासा मात्र अजून आपल्याच मर्जीने वळतो.

आता काचेचा तोटा. केरळ-कर्नाटकच्या घाटांतल्या नद्यांत एक मासा आहे, १८६५ पासून शास्त्राला माहीत. व्यापारात त्याचे नाव ‘मिस केरळ’. टाकीत तो शोभून दिसला, परदेशातून मागणी आली आणि नद्यांतून तो भरमसाट पकडला गेला. आज तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. २०१३ मध्ये त्याच्या वंशाला ‘सह्याद्रिया’ नाव मिळाले, म्हणजे नावाने तरी तो आपल्या घाटाचा झाला. आता त्याची पैदास टाक्यांतही होते. म्हणून दुकानात मी आधी हेच विचारतो, ‘हा नदीतला की फार्मचा?’ दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

सोबतच्या फोटोतली जोडी फार्मची आहे. तोंडापासून डोळ्यातून मागे जाणारा लाल पट्टा नीट बघा. बाटलीत ठेवलेल्या माशात हा लाल रंग उरत नाही.