फुटांत मोजलेला बॅकअप
संगणकातील माहितीची राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, टेपवर घेण्यासाठी युनिक्स या कार्यप्रणालीत ज्या आज्ञा तयार झाल्या, त्यांना जोडायची एकेक अक्षरे आजच्या अभ्यासकाला मनमानी वाटतात. परंतु त्यांतील बऱ्याच अक्षरांच्या मुळाशी अर्धा इंच रुंदीच्या चुंबकीय टेपची मोजमापे आहेत, आणि ती ध्यानात घेतल्याखेरीज या आज्ञांची घडण उलगडत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतील मरे हिल येथे बेल प्रयोगशाळेने १९७१ मध्ये युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका काढली, तेव्हाच तीत टेपवर फाइली ठेवण्याची ‘टॅप’ ही आज्ञा होती. पुढे ‘टीपी’ आली, आणि १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ‘टार’, म्हणजे टेप-संग्रह, दाखल झाली.

टारला काम सांगायचे ते एका अक्षराने: ‘सी’ म्हणजे नवा संग्रह करणे, ‘एक्स’ म्हणजे फाइली बाहेर काढणे, ‘टी’ म्हणजे यादी दाखवणे, ‘आर’ म्हणजे टेपच्या शेवटी भर घालणे, आणि ‘यू’ म्हणजे टेपवर नसलेल्या किंवा नंतर बदललेल्या फाइलींचीच भर घालणे. टेपवर मधलाच मजकूर खोडून तिथे नवा लिहिणे भरवशाचे नसल्यामुळे बदललेली फाइल जुनीच्या जागी न जाता शेवटी जोडली जाई. त्यामुळे एकाच फाइलीच्या अनेक प्रती एका रिळावर साठत आणि त्या बाहेर काढताना शेवटची प्रत आधीच्यांवर लिहिली जाई.

खरी मेख ‘बी’ या अक्षरात आहे. टेप चालू होऊन वेग घेईपर्यंत आणि थांबेपर्यंत जी जागा जाते तिच्यासाठी दोन नोंदींमध्ये कोरे अंतर सोडावे लागे, आणि इंचाला १६०० बाइट लिहिणाऱ्या टेपवर हे अंतर सुमारे ०.६ इंच होते. युनिक्सचा ब्लॉक, म्हणजे माहितीचा मूळ तुकडा, ५१२ बाइटांचा असल्याने त्याला जेमतेम ०.३२ इंच पुरत. एकेक ब्लॉक सुटा लिहिला तर सुमारे दोनतृतीयांश टेप कोरीच राही. वीस ब्लॉक एकत्र बांधून १०,२४० बाइटांची एकच नोंद केली, तर ६.४ इंच मजकुरामागे तेवढेच ०.६ इंच वाया जात, आणि २,४०० फुटांच्या ज्या रिळावर एरवी सुमारे १६० लाख बाइट मावत त्यावर ४२० लाख मावत. एका नोंदीत किती ब्लॉक बांधायचे, हाच ‘बी’पुढे लिहायचा आकडा, तो न दिल्यास १ धरला जाई आणि २० ही त्याची कमाल मर्यादा होती.

संपूर्ण फाइल-व्यवस्था उतरवून घेणारी ‘डंप’ ही आज्ञा याहून अधिक विचारपूर्वक रचलेली होती. तिला ‘एस’ या अक्षराने टेपची लांबी फुटांत आणि ‘डी’ या अक्षराने इंचामागची घनता सांगायची. काहीच न सांगितल्यास २,३०० फूट आणि १,६०० असे धरले जाई. या दोन आकड्यांवरून रीळ कुठे संपेल याचा हिशेब डंप स्वतः मांडी आणि वेळ आली की थांबून ऑपरेटरने रीळ बदलण्याची वाट पाही. शून्य ते नऊ हे अंक बॅकअपची पातळी ठरवीत: शून्य म्हणजे सगळे काही, आणि वरच्या कोणत्याही पातळीला, तिच्याहून खालच्या पातळीचा जो बॅकअप सर्वांत अलीकडे झाला असेल, त्यानंतर बदललेल्या फाइली तेवढ्या. ‘यू’ दिल्यास त्या बॅकअपची तारीख एका फाइलीत नोंदली जाई. सातव्या आवृत्तीच्या पुस्तिकेने नवव्या पातळीच्या बॅकअपसाठी टेपा आलटून पालटून वापरण्याचा क्रमही दिला होता: पहिली टेप एकाआड एक वेळी, दुसरी दर चौथ्या वेळी, तिसरी दर आठव्या वेळी, त्यामुळे मोजक्या रिळांत अगदी अलीकडच्या आणि बऱ्याच जुन्या अशा दोन्ही काळांतल्या प्रती हाताशी राहत. असा बॅकअप जवळपास पूर्ण टेप, म्हणजे सुमारे ७८,००० ब्लॉक, व्यापू लागला की पहिल्या पातळीचा घ्यावा, असे त्यात सांगितले होते. वरचा हिशेब २,३०० फुटांना लावला तर उत्तर याच आकड्याच्या आसपास येते. टेपची किंमत, ऑपरेटरचा वेळ आणि माहिती गमावण्याचा धोका या तिन्हींचा मेळ घालणारी ही योजना त्या पिढीच्या संगणकीय विचारातील उत्तम कामांपैकी एक मानायला हवी.

या दोन आज्ञांचे पुढे काय झाले ते ‘एफ’ या अक्षराच्या आधारे नीट समजते. त्याच्यापुढे कोणत्याही साधनाचे किंवा फाइलीचे नाव देता येई, आणि नावाच्या जागी नुसती आडवी रेघ दिली तर टारचा मजकूर थेट दुसऱ्या आज्ञेकडे जाई. त्यामुळे टेप नसलेल्या संगणकांवरही टार रुजली, आणि जीएनयू प्रकल्पाने केलेली तिची आवृत्ती आजही नोंदीचे माप वीस ब्लॉकच धरते, म्हणून चार शब्दांची फाइल टारमध्ये बांधली तरी संग्रह १०,२४० बाइटांचा होतो. डंपची मात्र पंचाईत झाली. आठ मिलिमीटरच्या आणि त्यानंतरच्या काडतुसांतल्या टेपांना फुटांचा आणि इंचामागच्या घनतेचा जुना हिशेब लागू पडेना, त्यात टेपयंत्रे स्वतःच मजकूर दाबून लिहू लागली, आणि व्यवस्थापकांना काडतुसाची क्षमता जुळावी म्हणून लांबीचे खोटे आकडे द्यावे लागले. बर्कलीच्या परंपरेतील पुढच्या डंपमध्ये यासाठी ‘ए’ हे अक्षर आले. ते दिले की लांबीचा सगळा हिशेब बाजूला ठेवून यंत्र टेप संपल्याचे कळवीपर्यंत आज्ञा लिहीत राहते.