संगणकाच्या मंदपणाचा इतिहास

इतिहास म्हटला की राज्ये, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. घरचा संगणक हळू का चालतो, हा प्रश्न दुरुस्तीच्या दुकानात विचारावयाचा. तो व्याख्यानपीठावर आणण्याचे प्रयोजन काय, अशी शंका कोणी घेतल्यास मी त्याला दोष देणार नाही. परंतु हा मंदपणा एका दिवसात आलेला नाही. त्यालाही पिढ्या आहेत, आणि त्या जाणून घेतल्यावाचून दुखण्याचे मूळ सापडत नाही, हे मला चुकत माकत शिकावे लागले.

शिकण्याचे स्थळ मासवण. पालघर तालुक्यातील, सूर्या नदीच्या काठचे हे गाव. तेथे माझ्या बहिणीच्या घरी एक जुना संगणक आहे. भाची त्यावर एमएस-सीआयटीचा अभ्यास करून परीक्षा पास झाली. आता त्याच यंत्रावर ती आसपासच्या लोकांचे अर्ज, बचतगटांचे हिशेब आणि सभांची इतिवृत्ते मराठीत टंकून देते. घरखर्चात त्या मिळकतीचा वाटा लहान नाही. मागल्या पावसाळ्यात बटण दाबल्यापासून पहिले अक्षर उमटेपर्यंत नऊ मिनिटे जाऊ लागली. बाजारातल्या एका दुकानदाराने यंत्र न उघडताच निकाल दिला, "म्हातारे झाले, नवे घ्या." भाची मला म्हणाली, "मामा, नव्याला पैसे कुठून आणायचे? तुम्ही एकदा बघा ना."

यंत्र खरोखरच म्हातारे झाले होते काय? थोडे मागे जाऊ. कुलाब्यास टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी एक संगणक बांधला. तो १९६० साली चालू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि स्मृती होती ४० अंशांच्या २,०४८ शब्दांची. आजच्या मापाने ती दहा किलोबाइट भरते. मासवणच्या यंत्राची स्मृती चार गिगाबाइट, म्हणजे टिफ्रॅकच्या चार लाख पटींहून अधिक! टिफ्रॅकने शास्त्रज्ञांची गणिते केली, आणि या यंत्राला एक अर्ज टंकवेना. तेव्हा उणीव शक्तीची नव्हती हे उघड आहे. शक्ती दुसरीकडेच खर्च होत होती.

टिफ्रॅकच्या काळी रीत साधी होती. एका वेळी एकाचे काम. ते संपले की पुढच्याचे. माणसे रांगेत, यंत्र एकाग्र. परंतु यंत्र महाग, आणि माणूस विचार करीत बसला की ते रिकामे राही. म्हणून १९६१ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटून देण्याची पद्धत करून दाखविली. प्रत्येकाला क्षणाचा अंश मिळे, आणि यंत्र आपल्या एकट्याचेच आहे असा भास होई. तेथेच १९६३ च्या सुमारास, कोणी न सांगता मागल्या दाराने काम करीत राहणारे छोटे कार्यक्रम निघाले. त्यांना नाव पडले 'डीमन'. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल याने १८६७ मध्ये कल्पिलेला, रेणूंची निवड करीत अखंड बसणारा पिशाच्चवत् द्वारपाल त्या मंडळींच्या मनात होता. आपल्याकडच्या गोष्टींतले भूत निदान मालकाकडे काम मागत येते. हे भूत न विचारताच काम काढते.

भुते फार झाली म्हणजे काय होते, हेही लवकरच कळले. पीटर डेनिंग या संशोधकाने १९६८ साली त्या अवस्थेचे वर्णन व कारणमीमांसा केली. स्मृती अपुरी पडली की यंत्र थोडा मजकूर तबकडीवर नेऊन ठेवते व लागेल तेव्हा परत आणते. कार्यक्रम मर्यादेपलीकडे वाढले की ही ने-आणच मुख्य काम होऊन बसते. यंत्र दमेपर्यंत राबते आणि पुढे काहीच सरकत नाही. मासवणच्या यंत्राचा दिवा अखंड लुकलुकत होता, तो याचसाठी. त्यात फिरती तबकडी. तिच्यावरचा काटा एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्यास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग घेतो. चौदा कार्यक्रम एकदमच आपापली पाने मागू लागले की तो बिचारा नुसता धावतच राहतो.

हे पाहुणे घरगुती संगणकात शिरले कसे? १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या व्यक्तिगत संगणकावर डॉस ही प्रणाली एका वेळी एकच काम करी. १९८४ मध्ये 'साइडकिक' नावाचा कार्यक्रम निघाला. तो स्मृतीत दबा धरून बसे आणि विशिष्ट कळ दाबताच टिपणवही किंवा गणकयंत्र पुढे करी. लोकांना ते फार आवडले, आणि आवडलेल्या गोष्टीचे अनुकरण होतेच. पुढे १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये आरंभीच चालू व्हावयाच्या कार्यक्रमांचा स्वतंत्र गट आला; १९९५ च्या विंडोजमध्ये घड्याळाशेजारी चित्रांची रांग आली. मग प्रत्येक उत्पादकाला वाटू लागले की त्या रांगेत आपला एक माणूस असावा. १९९८ साली मायक्रोसॉफ्टलाच पाहुण्यांची यादी दाखवून त्यांना वगळण्याचे एक साधन विंडोजबरोबर द्यावे लागले. २०१२ च्या विंडोज ८ पासून ती यादी टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' या पानावर आली. कोण किती भार टाकतो हेही तेथे लिहिलेले असते.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून मी ते पान उघडले. चौदा नावे! वर्षापूर्वी मोडीत गेलेल्या छपाईयंत्राची शाई मोजणारा एक. भाचीने कधीच न उघडलेला खेळ. भ्रमणध्वनीतील चित्रे उतरविणारा, दूरच्या साठ्यात फायली पाठविणारा, नवी आवृत्ती निघाली का एवढेच विचारणारे तिघे. आणि विषाणूंवर पहारा करणारे दोन. प्रत्येक फाईल दोघेही तपासून पाहत होते. मी ऐटीत एक पहारेकरी ठेवला, दुसरा रीतसर काढून टाकला आणि उरलेले सारे एका दमात बंद केले. यंत्र अडीच मिनिटांत उभे राहिले. मी रात्री समाधानाने झोपलो.

सकाळी भाची रडकुंडीस आली. तिला दहा वाजेपर्यंत एक ठराव टंकून द्यावयाचा होता, आणि कळा दाबल्या की रोमन अक्षरेच उमटत होती. मराठी कळपाटाचा कार्यक्रमही त्या चौदांपैकीच होता, आणि मी तो इतरांबरोबर मुकाट बसविला होता. १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकचे 'जिस्ट' कार्ड प्रथम आले, तेव्हा भारतीय लिप्यांसाठी संगणकात एक वेगळी पाटी बसवावी लागे. ती डोळ्यांना दिसे. पुढे तेच काम पडद्यामागच्या कार्यक्रमाकडे गेले, आणि आपली लिपी त्या घड्याळाजवळच्या गर्दीत एक लहानसे चित्र होऊन राहिली. घाईत झाडू मारणाऱ्याला ती कचऱ्यासारखी दिसली, यात दोष माझाच. सुदैवाने 'बंद करणे' म्हणजे 'पुसून टाकणे' नव्हे. त्याच पानावर ते नाव पुन्हा चालू केले, यंत्र एकदा बंद करून उघडले, आणि ठराव पावणेदहाला तयार झाला.

त्यानंतर आम्ही सारे पुन्हा नीट लावले. एक नाव बंद करावयाचे, दोन दिवस काम करून पाहावयाचे, मग दुसरे. अर्थ न कळलेल्या नावाला हात लावावयाचा नाही. 'सर्व्हिसेस' या नावाखालची लांबलचक यादी तर आम्ही उघडूनही मिटून ठेवली. तेथे यंत्राचा संसारच असतो. शेवटी चौदांपैकी पाच उरले आणि आरंभाचा वेळ तीन मिनिटांच्या आत राहिला. दुकानदाराचे बोलणे सर्वस्वी खोटे होते असे मात्र मी म्हणणार नाही. या यंत्रावरील विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी नेहमीचा आधार थांबविला. वेग परत आला म्हणून ती उणीव भरून निघत नाही. तिचा विचार लवकरच करावा लागेल, आणि त्यासाठी थोडे पैसे बाजूला पडू लागले आहेत.

तूर्त संगणकाशेजारी दोऱ्याने बांधलेली एक वही असते. कोणता कार्यक्रम केव्हा बंद केला, त्यानंतर काय अडले, हे भाची तीत तारखेनिशी लिहिते. पहिल्या पानावर लाल शाईने मराठी कळपाटाच्या कार्यक्रमाचे नाव आहे, आणि त्यापुढे लिहिले आहे, "मामांनी हात लावू नये."