नकाशे : भारतातील निर्मिती, उपयोग व आस्वाद

भूपृष्ठाचा किंवा त्याच्या एखाद्या भागाचा ठराविक खुणांनी सपाट पृष्ठावर काढलेला आराखडा म्हणजे नकाशा. हा शब्द मराठीत अरबी-फार्सीतून आला असून कोरणे, चितारणे असा त्याचा मूळ अर्थ आहे. प्रमाण, प्रक्षेपण व दिशा ही आधुनिक नकाशाची प्रमुख अंगे होत. तथापि सर्व नकाशांत ती सारखीच आढळत नाहीत. यात्रेकरू, सैनिक, महसूल अधिकारी, शेतकरी व विद्यार्थी यांच्या गरजा भिन्न असल्याने एकाच भूमीचे नकाशेही भिन्न होतात. कोणत्या गोष्टी दाखवाव्यात व कोणत्या गाळाव्यात, हे नकाशा करविणारा ठरवितो. त्यामुळे नकाशांचा इतिहास हा जसा मोजणीच्या अचूकतेचा इतिहास आहे, तसाच नकाशे कोणी करावेत, कोणी पाहावेत आणि कोणाच्या हक्काचा पुरावा म्हणून ते मानले जावेत, यांचाही तो इतिहास आहे.

तीर्थपट व मार्गनकाशे : यूरोपीय पद्धतीची मोजणी सुरू होण्यापूर्वीही भारतात स्थळांची चित्रे काढण्याची परंपरा होती. गुजरातमधील पालिताण्याजवळील शत्रुंजय डोंगराचे मोठे कापडी पट जैन समाजात प्रसिद्ध आहेत. त्यांत पायथ्यापासून शिखरापर्यंतची वाट, मंदिरांचे समूह, कुंडे आणि वर चढणारे यात्रेकरू दाखविलेले असतात. चातुर्मासात डोंगरावरील यात्रा बंद असते व कार्तिक पौर्णिमेस ती पुन्हा सुरू होते. त्या दिवशी ज्यांना प्रत्यक्ष तेथे जाणे शक्य नसते, ते आपल्या गावी मांडलेल्या पटासमोर वंदन करतात. पुरी येथील चित्रकार यात्रेकरूंसाठी जगन्नाथक्षेत्राचे पट रंगवीत. त्यांपैकी शंखनाभी नावाच्या प्रकारात संपूर्ण क्षेत्र शंखाच्या आकारात बसविलेले असते आणि मध्यभागी जगन्नाथाचे मंदिर असते. अशा पटांत अंतराचे प्रमाण पाळलेले नसते. ज्या स्थळाचे महत्त्व अधिक, त्याचा आकार मोठा. भाविकाला क्षेत्राचा क्रम व माहात्म्य कळावे, हा त्यांचा हेतू असून तो त्यांनी पुरेपूर साधला आहे.

राज्यकारभारासाठी व लष्करी हालचालींसाठीही नकाशे काढले जात. मोडी लिपीत मजकूर असलेले मराठेशाहीतील काही नकाशे उपलब्ध असून त्यांत किल्ले, नद्या, घाट व गावे यांची नोंद आढळते. जेम्स रेनेल याने हिंदुस्थानच्या आपल्या नकाशावर लिहिलेल्या ग्रंथात सदानंद नावाच्या ब्राह्मणाने काढलेल्या गुजरातच्या नकाशाचा गौरवपूर्वक उल्लेख केला आहे. हा नकाशा चार्ल्स मॅलेट याच्यामार्फत इंग्रजांना मिळाला होता. आरंभीच्या यूरोपीय नकाशांना स्थानिकांच्या माहितीचा किती आधार होता, हे यावरून दिसून येते.

शास्त्रीय सर्वेक्षण : १७६७ मध्ये रेनेलची बंगालच्या सर्वेक्षणप्रमुखपदी नेमणूक झाली. भारतीय सर्वेक्षण खात्याची स्थापना त्याच वर्षापासून मानण्यात येते. विल्यम लँबटन याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ आधाररेषेची मोजणी सुरू केली. पुढे या कामाचा विस्तार होऊन ते त्रिकोणमितीय महासर्वेक्षण म्हणून प्रसिद्धीस आले. या कामासाठी वापरलेला थोर कोनमापक सु. ५०० किग्रॅ. वजनाचा होता. तो डोंगरमाथ्यांवर वाहून नेणारे, निशाणे धरणारे व जंगल तोडून दृष्टिमार्ग मोकळा करणारे खलाशी यांच्या श्रमांवरच सर्वेक्षण उभे राहिले. लँबटन काम चालू असतानाच विदर्भातील हिंगणघाट येथे १८२३ मध्ये मृत्यू पावला. जॉर्ज एव्हरेस्ट याने ते काम पुढे नेले. सर्वेक्षण खात्यातील बंगाली गणिती राधानाथ सिकदार यांच्या आकडेमोडीतून हिमालयातील पंधराव्या क्रमांकाचे शिखर जगात सर्वोच्च असल्याचे निष्पन्न झाले. १८५६ मध्ये त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर करण्यात आली. शिखराला मात्र नाव मिळाले ते एव्हरेस्टचे.

तिबेटमध्ये यूरोपियनांना प्रवेश नव्हता, म्हणून तेथील मोजणीसाठी हिमालयातील स्थानिक रहिवाशांना शिक्षण देऊन पाठविण्यात आले. त्यांपैकी नैनसिंग रावत हे यात्रेकरूच्या वेषात १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचले. त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते व दर शंभर पावलांना ते एक मणी ओढीत. टिपणे प्रार्थनाचक्रात लपविलेली असत. पाणी उकळण्याच्या तापमानावरून ते स्थळाची उंची काढीत. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

गाव नकाशे : सर्वसामान्य माणसाच्या जीवनाशी ज्या नकाशाचा सर्वांत निकटचा संबंध आला, तो महसुली मोजणीतून निघालेला गाव नकाशा होय. मराठेशाहीत जमिनीची नोंद बिघा, चावर अशा परिमाणांत व चतुःसीमांच्या वर्णनाने होत असे. शिवेचा तंटा उपस्थित झाल्यास गोतसभा बसे, जाणत्यांच्या साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. गावाची शीव कोठून कोठवर, याविषयी महार वतनदाराची साक्ष विशेष महत्त्वाची मानली जाई. सीमेचे ज्ञान अशा रीतीने कागदापेक्षा माणसांच्या स्मरणात व रोजच्या वावरात अधिक होते.

दख्खनमध्ये इंग्रजांची सत्ता आल्यानंतर आर्. के. प्रिंगल याने केलेली पहिली मोजणी व आकारणी अयशस्वी ठरली. त्यानंतर एच्. ई. गोल्डस्मिड व जॉर्ज विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नव्या पद्धतीस आरंभ केला. या पद्धतीचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात निश्चित झाले. एका बैलजोडीने कसता येईल एवढे क्षेत्र हे प्रमाण धरून शेतांचे क्रमांक पाडण्यात आले, त्यांच्या सीमांवर दगड रोवण्यात आले व मातीच्या प्रतीनुसार आकार बसवून तो ३० वर्षांसाठी कायम करण्यात आला. मोजणीची साखळी ३३ फुटांची असून तिचे १६ आणे मानीत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद क्षेत्र म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठे म्हणजे एक एकर, हे कोष्टक त्यामुळे सोपे झाले. प्रत्येक शेताच्या मापांचे टिपण करून त्यांवरून गावाचा नकाशा जोडीत.

या नकाशाने शेतकऱ्याला काही प्रमाणात निश्चिती दिली. सरकारचा आकार कोणत्या जमिनीवर किती, हे ठरले व दोन शेजाऱ्यांमधील बांधाच्या तंट्यात मापांचा आधार मिळाला. परंतु पूर्वी गावाच्या स्मरणात असलेले सीमेचे ज्ञान आता कचेरीच्या दप्तरात गेले. जो नकाशा वाचू शकत नाही, त्याला मोजणीदार व तलाठी यांच्यावर अवलंबून राहणे भाग पडले. नकाशातील बारीक खुणांचेही परिणाम मोठे असतात. गाव नकाशात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने व पायवाट तुटक एकेरी रेषेने दाखवितात. आपल्या शेतापर्यंत बैलगाडी नेण्याचा हक्क आहे किंवा नाही, हा वाद अनेकदा या रेषांपाशी येऊन ठेपतो. १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्यानुसार अनेक गावांत भूमापन क्रमांकांच्या जागी गट क्रमांक आले. कित्येक ठिकाणी गटाचा नकाशा व प्रत्यक्ष वहिवाट यांत मेळ न राहिल्याने नवे तंटे निर्माण झाले. बहुतेक गावांत गावठाणातील घरांची स्वतंत्र मोजणी झालेली नव्हती. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ती ड्रोनच्या साहाय्याने हाती घेण्यात आली.

निर्बंध व खुलेपणा : इंग्रजी अमदानीत तपशीलवार नकाशे हे लष्करी साधन मानले जात. स्वातंत्र्यानंतरही सीमेलगतच्या व किनाऱ्यालगतच्या प्रदेशांचे मोठ्या प्रमाणावरील नकाशे सामान्य नागरिकास सहजासहजी मिळत नसत. त्यामुळे अभ्यासक व पाणीपुरवठ्यासारख्या योजना आखणारे यांची अडचण होई. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक व सर्वसाधारण वापरासाठी एक अशा दोन नकाशामाला केल्या. फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतीय संस्थांना भूस्थानिक माहिती गोळा करण्यासाठी पूर्वपरवानगीची आवश्यकता राहिली नाही.

आस्वाद : नकाशा केवळ पाहण्यात व घडविण्यातही आनंद असतो. वाराणसी येथील भारतमाता मंदिरात मूर्ती नसून अखंड भारताचा संगमरवरी उठावाचा नकाशा आहे. शिवप्रसाद गुप्त यांनी उभारलेल्या या मंदिराचे उद्‌घाटन १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झाले. पुण्यात धोंडो केशव कर्वे यांच्या आश्रमात जमिनीवर केलेला असा नकाशा पाहून गुप्त यांना ही कल्पना सुचली होती. महाराष्ट्रात दिवाळीत मुले माती-दगडांचे किल्ले करतात. बुरूज, माची, पाण्याची टाकी व वाटा यांची मांडणी करताना भूरचनेचे पहिले धडे त्यांना खेळातून मिळतात. सह्याद्रीत भटकणारे गिर्यारोहक सर्वेक्षण खात्याच्या स्थलनिर्देशक नकाशांतील समोच्चरेषांवरून कडे, खिंडी व घळी ओळखतात आणि नाणेघाटासारख्या जुन्या वाटांचा मागोवा घेतात.

लोकांनी केलेले नकाशे : ज्यांच्या भूमीचा नकाशा आहे, त्यांनीच तो करावा, हा विचार विसाव्या शतकाच्या अखेरीस बळावला. केरळमध्ये ग्रामपंचायतींच्या साधनसंपत्तीचे नकाशे करण्यात गावातील स्वयंसेवकांनी भाग घेतला. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांच्या पडताळणीत दाव्याच्या क्षेत्राचा नकाशा करणे हे ग्रामसभेच्या वनहक्क समितीचे काम ठरले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. निस्ताराची जागा, पाणवठे, देवस्थाने व गौण वनोपजाची क्षेत्रे पूर्वी सरकारी नकाशात क्वचितच येत. वनहक्काच्या दाव्यांमुळे गावातील वृद्धांच्या आठवणींतील या जागांना हक्काचा पुरावा म्हणून महत्त्व आले. महसुली मोजणीने जे ज्ञान गावाकडून कचेरीकडे नेले होते, त्याचा काही अंश अशा नकाशांमुळे पुन्हा गावाच्या हाती आला आहे.