अनवाणी फटका आणि एक पिढी

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत महिला गोल्फवर दक्षिण कोरियाच्या खेळाडूंनी वर्चस्व गाजवले. या वर्चस्वाचे मूळ जुलै १९९८ मधील एका लढतीत सापडते. त्या लढतीची नायिका होती से-री पाक.

से-रीचा जन्म १९७७ सालचा, देजॉन शहरातला. शाळेत ती धावपटू होती. गोल्फकडे तिला वळवले ते वडिलांनी आणि तिच्याकडून कठोर सराव करून घेतला तोही त्यांनीच. १९९८ हे अमेरिकेतील एलपीजीए टूरवरचे तिचे पहिलेच वर्ष. मे महिन्यात एलपीजीए चॅम्पियनशिप जिंकून ती जुलैमध्ये विस्कॉन्सिन राज्यातील ब्लॅकवुल्फ रन मैदानावर यूएस विमेन्स ओपनसाठी उतरली. चार दिवसांच्या ७२ होलनंतर ती आणि जेनी चुआसिरिपॉर्न ही हौशी महाविद्यालयीन खेळाडू बरोबरीत राहिल्या. त्यामुळे दुसऱ्या दिवशी १८ होलचा प्लेऑफ खेळवण्यात आला.

त्यातल्या अखेरच्या होलवर से-रीचा चेंडू डावीकडे वळून तळ्याच्या उतारावरील दाट गवतात अडकला. एका फटक्याचा दंड पत्करून चेंडू बाहेर घेण्याची मुभा तिला होती. तिने मात्र बूट-मोजे काढले, पाण्यात उतरली आणि चेंडू बाहेर काढला. उन्हात रापलेल्या पोटऱ्या आणि घोट्याखालची गोरी पावले, हे दृश्य कोरियन प्रेक्षकांच्या मनावर कोरले गेले. वर्षानुवर्षांच्या सरावाची ती खूण होती. तो होल संपला तेव्हाही बरोबरी कायम होती. सडनडेथच्या दुसऱ्या होलवर बर्डी साधून विसाव्या वर्षी से-री विजेती ठरली.

या विजयाला त्या काळाची पार्श्वभूमी होती. १९९७ च्या अखेरीस दक्षिण कोरियाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले होते. कारखाने बंद पडत होते, नोकऱ्या जात होत्या. देशाचे कर्ज फेडण्यासाठी सामान्य माणसे घरातले सोने देत होती. अशा दिवसांत पाण्यात उतरून हार न मानणारी मुलगी देशाच्या जिद्दीचे प्रतीक ठरली. गोल्फ तोवर तेथे श्रीमंतांचा खेळ मानला जाई. आता मुलींचे पालक त्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले.

ती लढत पाहणाऱ्यांत इन्बी पार्क ही मुलगी होती. दहाव्या वाढदिवसाला तेव्हा अवघे काही दिवस उरले होते. त्यानंतर लगेचच तिने हातात गोल्फची स्टिक घेतली. २००८ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, तीच यूएस विमेन्स ओपन जिंकून तिने सर्वांत लहान विजेतीचा से-रीचा विक्रम मोडला. जिआई शिन २०१० मध्ये जागतिक क्रमवारीत अव्वल ठरली. ना-यिऑन चोईने २०१२ मध्ये यूएस विमेन्स ओपन जिंकली आणि तीही ब्लॅकवुल्फ रनवरच. तिच्या अभिनंदनाला से-री जातीने हजर होती. या पिढीला कोरियात ‘से-री किड्स’ असे नावच पडले.

मात्र, ज्या खेळाची गोडी तिने इतरांना लावली, तोच खेळ एका टप्प्यावर तिला स्वतःला नकोसा झाला. २००४ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी आवश्यक गुण पूर्ण होताच तिची कामगिरी ढासळली. पुढचे वर्ष दुखापत आणि अपयशात गेले. सराव कसा करावा हे ती शिकली होती. विसावा कसा घ्यावा हे तिला कुणी शिकवलेच नव्हते. २००६ मध्ये पुन्हा एलपीजीए चॅम्पियनशिप जिंकून तिने पुनरागमन केले. पाच मेजर स्पर्धांसह एलपीजीए टूरवरील २५ विजेतेपदे तिच्या नावावर जमा झाली. तरुण खेळाडूंना मात्र ती खेळाबरोबर स्वतःलाही जपण्याचा सल्ला देत राहिली.

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये से-री कोरियन महिला संघाची प्रशिक्षक होती. अंगठ्याच्या दुखापतीने त्रस्त असलेल्या इन्बीने तेथे पाच फटक्यांच्या आघाडीने सुवर्णपदक जिंकले. त्याच वर्षी से-रीने निवृत्ती पत्करली. १९९८ मध्ये तिला दूरचित्रवाणीवर पाहून खेळू लागलेली मुलगी आता तिच्याच देखरेखीखाली ऑलिम्पिक विजेती झाली होती.