लक्ष्मीच्या पायथ्याचे मैदान

आमची आई महालक्ष्मीच्या दर्शनाला डिलाइल रोडवरून चालत निघे, आणि वाटेत रेसकोर्सचे कुंपण लागले की पदर डोक्यावर ओढून मान दुसरीकडे वळवी. अण्णांची तऱ्हा उलट. तेही त्याच रस्त्याने जात. पण कुंपणाशीच थांबत. लक्ष्मी एकच, तिला गाठायच्या वाटा दोघांच्या दोन. त्या दोन वाटांच्या मधे माझे बालपण गेले. तेव्हा मुंबईच्या रेसकोर्सचा इतिहास माझ्या हातून तटस्थपणे लिहिला जाणार नाही, हे वाचकांनी आधीच समजून असावे.

ही जागा मुळात जमीनच नव्हती. भरतीचे पाणी वरळीच्या खिंडारातून आत शिरे आणि बेटांच्या मधल्या सखल भागात दूरवर पसरे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर हॉर्नबीच्या कारकिर्दीत तेथे बांध घालण्यात आला. तो काही केल्या टिकेना, तेव्हा रामजी शिवजी प्रभू ह्या पाठारे प्रभू गृहस्थाच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातली माझी मूर्ती वर काढ म्हणाली, मूर्ती निघाली आणि बांध टिकला, अशी आख्यायिका आहे. बांधाच्या आत राहिली ती दलदल. मुंबईत घोड्यांच्या शर्यती त्याआधी भायखळ्याच्या मैदानावर होत असत; त्या १८८३ साली ह्या नव्या जागी आल्या. मेलबर्नच्या कॉलफील्डच्या धर्तीवर येथला लंबगोल आखला गेला. म्हणजे देवीने समुद्र मागे सारला तो घोडे धावावेत म्हणूनच, असे अण्णा मोठ्या गांभीर्याने सांगत. त्या दिवशी त्यांना दुपारचा चहा मिळत नसे.

पूर्वी ह्या मैदानावर अरबी घोड्यांचे राज्य होते. आखाताकडून गलबतांतून ते मुंबई बंदरात उतरत. पुढे विलायतेहून घोडे येऊ लागले. क्लबाला १९३५ साली बादशहांनी ‘रॉयल’ ही उपाधी बहाल केली. बादशहा गेले, उपाधी मात्र राहिली. संस्थानिकांत तर अहमहमिकाच होती. राजपिपळ्याच्या महाराजांच्या ‘विंडसर लॅड’ने १९३४ साली इंग्लंडची डर्बी जिंकली. बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९४५ साली अठ्ठावीस हजार गिनींना एक शिंगरू विकत घेतले आणि त्याला आपल्या आजोबांचे नाव दिले. स्वातंत्र्य मिळून महिनाही उलटला नसेल-नसेल तोच, सप्टेंबर १९४७ मध्ये, ‘सयाजीराव’ इंग्लंडातली सेंट लेजर जिंकून गेला. ही हकीकत अण्णा अशी सांगत, की जणू तो घोडा आमच्या चाळीतूनच धावत गेला होता.

पण माझ्या मते खरी गोष्ट घडली ती लढाईच्या काळात. परदेशातून घोडे येणे अवघड झाले आणि इथल्याच मातीत जन्मलेल्या जनावरांकडे लोकांचे लक्ष वळले. देशी घोड्यांची पहिली डर्बी १९४३ साली महालक्ष्मीला धावली. ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ ह्या घोडीने ती जिंकली. मालक बडोदेकरच, आणि जॉकी ऑस्ट्रेलियन, एडगर ब्रिट. जॉकींतही मग आपली माणसे दिसू लागली. पांडू खाडे, शामू चव्हाण ही नावे गिरणीच्या खात्यात अशी घेतली जात, जशी पुढे क्रिकेटवाल्यांची घेतली गेली.

अण्णा विणकर. घोड्यावर पैसे लावणे हा जुगार आहे असे कुणी म्हटले की ते चिडत. चांगल्या घोड्याच्या पाठीवर शिशाचे तुकडे घालून वजन वाढवतात, कच्च्याला हलके ठेवतात. मग त्याचे कूळ, जमिनीचा ओलावा, जॉकीचा हात, हे सगळे डोक्यात मांडावे लागते, असे ते समजावून देत. बोटे कापसाच्या तंतूंनी भरलेली असत आणि रेसच्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने बारीक आकडे मांडलेले असत. घोडा हरला की त्यांचे उत्तर ठरलेले: “वजन जरा जास्त पडलं त्याच्यावर.” सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निर्णय दिला, की घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. तो ऐकायला अण्णा नव्हते.

त्यांना एक गोष्ट मात्र कधी मांडता आली नाही. टोटवर जमलेल्या रकमेतून सरकारचा कर आणि क्लबाचा वाटा आधी काढला जातो, आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जाते. म्हणजे सगळे खेळणारे मिळून दर शर्यतीत हरलेलेच असतात. आई कधी शाळेत गेली नाही. पण हे गणित तिला येत असे.

साल १९६८. मुंबईचा हंगाम दिवाळीनंतरचा, पण पुण्याचा पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीच्या तोंडावर संपत येई. बोनस हाती पडला आणि दोन दिवसांनी अण्णा सकाळच्या गाडीने पुण्याला गेले. रात्री परतले ते काही न बोलता गॅलरीत बसले. आईनेही विचारले नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिने पाट मांडला, रांगोळी घातली आणि बोनसचे रिकामे पाकीट तांब्यापाशी ठेवून त्याला हळदकुंकू वाहिले. आम्ही भावंडांनी नमस्कार केला. मग ती म्हणाली, “अहो, तुम्हीपण या.” अण्णा आले. त्यांनी नमस्कार केला, तो बराच वेळ.

त्यानंतर ते रेसला गेलेच नाहीत, असे लिहिता आले असते तर बरे वाटले असते. ते गेले; पण लावायचे दोन-पाच रुपये आईकडून मागून नेत.

गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून गेल्या. मैदानाचा भाडेपट्टा २०१३ साली संपला आणि मग अकरा वर्षे, ह्या जागेचे काय करायचे, ह्यावर वाद चालला. अखेर २०२४ साली सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आले, ९१ एकर क्लबाकडे राहिले. आईला हे आवडले असते, असे मला वाटते. अण्णांनी मात्र आधी धावपट्टी शाबूत आहे ना, एवढेच विचारले असते.

मागे एकदा फेब्रुवारीत डर्बीच्या दिवशी मी प्रथमच कुंपणाच्या आत गेलो. लहानपणी बाहेरून फक्त गर्जना ऐकली होती; आत गेल्यावर कळले, की तिच्या आधी क्षणभर हजारो माणसे अगदी गप्प होतात. शंभर रुपयांचे तिकीट घेतले. माझा घोडा शेवटच्या वळणापर्यंत पुढे होता, मग मागे पडला. शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी, काय झाले, अशा अर्थाने पाहिले.

“वजन जरा जास्त पडलं त्याच्यावर,” मी म्हणालो.